बोलीशब्दांचा डेटाबेस : बोलके बिघाड आणि मुके बिघाड

१. विषय आणि त्याची मर्यादा

बोलींच्या अभ्यासाचा पाया शब्दसंग्रह हा होय. ग्रीअर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ साली प्रसिद्ध झालेल्या सातव्या खंडात संगमेश्वरी, बाणकोटी इत्यादी कोकणपट्टीतील बोलींचे नमुने दिले. त्यानंतर अ. मा. घाटगे यांनी मराठीच्या बोलींच्या पाहणीत कुडाळी (१९६५), महाडची कुणबी (१९६६) अशा एकेका बोलीचे स्वतंत्र वर्णन केले. अलीकडे पुण्याचे डेक्कन कॉलेज व राज्य मराठी विकास संस्था यांच्या सहकार्याने मराठीच्या बोलींचे नवे सर्वेक्षण झाले आहे. या शंभराहून अधिक वर्षांत संग्रहाचे साधन मात्र पालटले. चिठ्ठ्या आणि त्यांची लाकडी कपाटे जाऊन संगणकातील डेटाबेस आला.

चिठ्ठीला वाळवी लागली तर ती डोळ्यांस दिसते. डेटाबेसमधील नोंद नासली तर ती बहुधा दिसत नाही. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे बोलींचे संग्रह कसे बिघडतात, ते बिघाड कसे ओळखावेत व त्यांवर उपाय कोणते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. विवेचन मुक्तस्रोत डेटाबेसांपुरते, त्यांतही पोस्टग्रेसक्यूएल, मायएसक्यूएल व मारियाडीबी या तिघांपुरते मर्यादित आहे.

उदाहरणासाठी रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील दापोली तालुका घेतला आहे. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस दाभोळची खाडी, आणि आत डोंगर व दऱ्या अशी या तालुक्याची ठेवण असल्यामुळे किनाऱ्यावरील मच्छीमार, वरकस जमीन कसणारा कुणबी आणि खाडीकाठची मुस्लिम वस्ती यांची बोली थोड्या अंतरात पालटत जाते. या तालुक्यातील गावांची व तेथे ऐकलेल्या शब्दांची नोंद ठेवणारा एक संग्रह आहे, अशी कल्पना करावी. पुढील सर्व उदाहरणे या कल्पित संग्रहाला धरून दिली आहेत; त्यांतील गावे व शब्द मात्र खरे आहेत.

२. संबंधाधिष्ठित डेटाबेस म्हणजे काय

१९७० साली एडगर कॉड या गणितज्ञाने असे सुचवले की, माहिती सारण्यांच्या रूपाने ठेवावी आणि दोन सारण्यांचा संबंध समान मूल्यांच्या योगे जोडावा. आपल्या उदाहरणात एक सारणी गावांची. तीत गावाचा क्रमांक व नाव. दुसरी सारणी शब्दांची. तीत शब्द, अर्थ, वक्त्याचे वय व गावाचा क्रमांक. ‘खाजण’ हा शब्द कोणत्या गावी ऐकला, हे क्रमांकावरून कळते; गावाचे नाव प्रत्येक शब्दापुढे पुन्हा लिहावे लागत नाही.

या कल्पनेवर उभारलेल्या प्रणालींपैकी पोस्टग्रेसचे काम १९८६ साली कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात सुरू झाले. १९९६ साली तिला आजचे नाव मिळाले. मायएसक्यूएल १९९५ साली स्वीडनमध्ये सिद्ध झाली. २००९ साली तिच्यापासून मारियाडीबी ही शाखा निघाली. तिन्हींचा मूळ आराखडा सर्वांस खुला आहे व त्या विनामूल्य मिळतात. यास्तव लहान विभागांस व एकट्या संशोधकांस त्या सोयीच्या ठरतात. तथापि विनामूल्य वस्तूबरोबर तिचा कारागीर येत नाही. रात्री प्रणाली बंद पडली तर जो संग्रहाचा संपादक तोच तिचा वैद्य, अशी स्थिती असते.

३. बिघाडांच्या दोन जाती

डेटाबेसचे बिघाड अनेक असले तरी त्यांच्या जाती दोनच. पहिल्या जातीचा बिघाड बोलका. प्रणाली काम थांबवते, कारण सांगते व ते आपल्या रोजनिशीत, म्हणजे लॉगमध्ये, लिहून ठेवते. दुसऱ्या जातीचा बिघाड मुका. प्रणाली चालू असते, उत्तरे देत असते. पण ती उत्तरे चुकीची असतात. बोलक्या बिघाडाने संपादक घाबरतो, पण संग्रहाची हानी क्वचित होते. मुक्या बिघाडाने संपादकास काहीच वाटत नाही आणि संग्रह नासतो. मराठी मजकुराच्या बाबतीत मुक्या बिघाडांचे प्रमाण विशेष आहे. त्यांचे मूळ यंत्रात नसून ‘दोन शब्द एक केव्हा मानावेत’ या प्रश्नात आहे, आणि हा प्रश्न मुळात भाषाशास्त्राचा आहे.

४. बोलके बिघाड

(अ) जोडणी नाकारली जाणे. हा सर्वांत वारंवार आढळणारा बिघाड होय. येथे संदेशातील शब्दांकडे बारकाईने पाहावे. ‘जोडणी नाकारली’ असा संदेश असल्यास सर्व्हर बंद आहे, अथवा तो केवळ स्वतःच्याच यंत्रावरून येणारी हाक ऐकत आहे. पोस्टग्रेस ५४३२ व मायएसक्यूएल ३३०६ या क्रमांकाच्या द्वारावर ऐकत असते, आणि बाहेरच्या यंत्रांसाठी हे द्वार मुद्दाम उघडावे लागते. ‘परवानगी नाही’ असा संदेश असल्यास सर्व्हरपर्यंत हाक पोहोचली आहे, परंतु नाव, संकेतशब्द किंवा कोठून यावे याचा नियम जुळत नाही. मायएसक्यूएलमध्ये एकाच नावाचा वापरकर्ता आतल्या यंत्रावरून वेगळा व बाहेरून वेगळा मानला जातो, हे पुष्कळांस ठाऊक नसते. दोन्ही संदेश एकच समजून सर्व्हर पुनःपुन्हा सुरू करीत बसणे व्यर्थ होय.

(आ) जोडण्यांची संख्या संपणे. मूळ मांडणीत पोस्टग्रेस १०० व मायएसक्यूएल १५१ जोडण्या स्वीकारते. दहा संपादकांच्या संग्रहात ही मर्यादा ओलांडली गेली, तर एखादा प्रोग्राम जोडणी उघडून ती बंद करण्यास विसरत आहे, असे समजावे. मर्यादा वाढवल्याने बिघाड पुढे ढकलला जातो, दूर होत नाही.

(इ) एकमेकांची वाट पाहणे. एका संपादकाने केळशीची नोंद धरून ठेवली आहे व त्याला आंजर्ल्याची हवी आहे. दुसऱ्याने आंजर्ल्याची धरली आहे व त्याला केळशीची हवी आहे. हा पेच दोघांनाही सुटणारा नव्हे. अशा वेळी प्रणाली एकाचे काम रद्द करते व तसे सांगते. रद्द झालेले काम पुन्हा करावे, आणि पुढे सर्वांनी नोंदी एकाच क्रमाने हाताळाव्यात, एवढाच उपाय. यापेक्षा त्रासदायक प्रकार म्हणजे दुरुस्ती अर्धवट ठेवून जेवावयास जाणारा संपादक. त्याने धरलेल्या नोंदीसाठी मायएसक्यूएल इतरांस पन्नास सेकंद थांबवून नंतर संदेश देते. पोस्टग्रेस मूळ मांडणीत मुदत न ठेवता थांबवून ठेवते. तेथे अशी उघडी राहिलेली कामे शोधून बंद करावी लागतात.

(ई) संबंध मोडण्यास नकार. गावांच्या सारणीतून हर्णै काढू पाहिले असता, ‘या गावाचे शब्द दुसऱ्या सारणीत आहेत’ असे सांगून प्रणाली नकार देते. हा बिघाड नसून पहारा आहे. तो गैरसोयीचा वाटून काही जण हा निर्बंधच काढून टाकतात. त्यानंतर ज्यांचे गाव कोणते हे कधीच सांगता येणार नाही असे अनाथ शब्द संग्रहात साठू लागतात. बोलक्या बिघाडाचे तोंड दाबले की त्याचा मुका बिघाड होतो, याचे हे पहिले उदाहरण.

(उ) जागा संपणे व वीज जाणे. हे दोन्ही प्रसंग समजण्यासाठी जुन्या पेढीवरील रोजकीर्द व खतावणी यांची आठवण करावी. व्यवहार प्रथम रोजकिर्दीत लिहिला जाई, मग सवडीने खतावणीत. ही पद्धत डेटाबेसनेही स्वीकारली आहे. प्रत्येक बदल आधी एका क्रमवार नोंदवहीत उतरतो आणि मागाहून सारणीत जातो. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना प्रणाली रोजकिर्दीवरून खतावणी पुरी करते. म्हणून वीज गेल्यानंतरचा पहिला आरंभ लांबला तर धीर धरावा. त्याला मध्ये तोडू नये. मायएसक्यूएलच्या जुन्या मायआयसॅम जातीच्या सारण्यांना मात्र अशी रोजकीर्द नसते. कोकणातील पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे अशा सारण्या इनोडीबी जातीत बदलून घेणे हिताचे.

पोस्टग्रेसमध्ये ही रोजकीर्द वाढत जाऊन डिस्क भरते असा अनुभव वारंवार येतो. जागा करण्यासाठी त्या फायली हाताने पुसणे हा या क्षेत्रातील सर्वांत घातक उपाय होय. पेढी चालू असताना रोजकिर्दीची पाने फाडण्यासारखे ते आहे. वाढीचे कारण बहुधा दुसरीकडे असते. एखादी बंद पडलेली दुय्यम प्रत आपला वाटा अजून न्यावयाचा आहे असे सांगून पाने अडवून ठेवते, किंवा पाने अन्यत्र नेऊन ठेवण्याची आज्ञा विफल होत असते. ते कारण दूर केले की प्रणाली नको असलेली पाने आपण होऊन काढते.

(ऊ) शोध मंदावणे. बोलींच्या अभ्यासकास शब्दांच्या अंत्य प्रत्ययांत रस असतो. ‘-ळी ने संपणारे सर्व शब्द’ असा प्रश्न तो विचारतो व उत्तरास विलंब लागतो. सूची, म्हणजे इंडेक्स, शब्दाच्या आरंभापासून लावलेली असल्यामुळे ती येथे उपयोगी पडत नाही; सर्व सारणी वाचावी लागते. यावर उपाय म्हणजे प्रत्येक शब्दाचे उलटे रूप निराळ्या स्तंभात ठेवून त्यावर सूची करणे, अथवा पोस्टग्रेसमधील तीन-तीन वर्णांच्या तुकड्यांची सूची वापरणे. एक्स्प्लेन ही आज्ञा दिली असता प्रणाली कोणत्या मार्गाने शोधणार आहे ते सांगते. ते वाचल्यावाचून यंत्राची स्मृती वाढवण्यावर खर्च करू नये.

५. मुके बिघाड : अक्षर साठवताना

डोळ्यास ‘दापोली’ या शब्दात तीन अक्षरे दिसतात. युनिकोड संकेतात त्याचे सहा घटक होतात : द, काना, प, ओकार, ल, ईकार. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक घटकास तीन बाइट लागतात. म्हणजे हा शब्द अठरा बाइट व्यापतो. तीन, सहा आणि अठरा या संख्यांतील गोंधळातून पुढील बिघाड उद्भवतात.

स्तंभाची लांबी घटकांत मोजली जाते. ‘पन्हाळेकाजी’ या गावाच्या नावात अक्षरे पाच, पण घटक अकरा. स्तंभ दहा घटकांचा असेल तर पोस्टग्रेस नोंद नाकारते. मायएसक्यूएलची शिस्तीची मांडणी शिथिल केलेली असेल, तर ती केवळ इशारा देऊन ‘पन्हाळेकाज’ असे नाव साठवते. ही शिस्त २०१५ सालच्या ५.७ या आवृत्तीपासून मुळातच चालू असते. जुने प्रोग्राम चालावेत म्हणून ती बंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मानू नये.

मजकूर विद्रूप दिसू लागला असता त्याचे रूपच कारण सांगते. चार लक्षणे पुढीलप्रमाणे :

एक, रिकामे चौकोन. संग्रह ठीक आहे. पाहणाऱ्याच्या यंत्रात योग्य फाँट नाही.

दोन, तुटक वर्तुळास लटकलेली मात्रा. घटकांचा क्रम चुकला आहे. जुन्या फाँटांत टंकलेल्या मजकुरात ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी लिहिला जाई. युनिकोडमध्ये तो व्यंजनानंतर येतो. रूपांतर अपुरे राहिल्याची ही खूण होय. रूपांतर मुळीच झाले नसेल तर कृतिदेवसारख्या फाँटातील मजकूर साठ्यात निव्वळ रोमन अक्षरांच्या रूपाने असतो व त्यात देवनागरी शोध लागतच नाही.

तीन, डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ए हे अक्षर आणि त्यापुढे चलनचिन्हासारखी खूण, अशा जोड्यांची माळ. देवनागरीचे बाइट पश्चिम युरोपीय लिपीचे म्हणून वाचले गेले आहेत. येथे मूळ बाइट बहुधा शाबूत असतात. मायएसक्यूएलच्या ८.० पूर्वीच्या आवृत्त्यांत हीच पाश्चात्त्य लिपी मूळ मांडणीत असल्यामुळे हा प्रकार जुन्या संग्रहांत फार आढळतो.

चार, प्रश्नचिन्हांची रांग. ही पडद्यावरच नव्हे तर साठ्यातही असेल तर शब्द गेला. ज्या लिपीत देवनागरीला जागाच नाही तीत मजकूर उतरवताना प्रणालीने प्रत्येक घटकाऐवजी प्रश्नचिन्ह ठेवले आहे. त्यातून मूळ शब्द कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

तिसऱ्या व चौथ्या लक्षणांतील भेद म्हणजे रुग्ण व शव यांतील भेद होय. म्हणून दुरुस्तीपूर्वी साठ्यातील बाइट षोडशमान पद्धतीने पाहावेत. नीट साठवलेला ‘द’ हा ई-शून्य, ए-चार, ए-सहा असा दिसतो. आरंभी सी-तीन, ए-शून्य दिसल्यास शब्द दोनदा रूपांतरित झाला आहे; त्याची लांबी अठराऐवजी छत्तीस बाइट किंवा अधिक भरते. या दोन स्थितींचे उपचार भिन्न आहेत आणि एकीचा उपचार दुसरीवर केल्यास तिसऱ्या लक्षणाचे चौथे होते.

मोडी लिपीचा प्रश्न स्वतंत्र आहे. जुन्या दप्तरांतून शब्द घेणाऱ्या संग्रहात मूळ मोडी पाठही ठेवावासा वाटतो. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली स्थान मिळाले, परंतु तिच्या प्रत्येक घटकास चार बाइट लागतात. मायएसक्यूएलमध्ये ‘यूटीएफ-८’ या नावाने चालत आलेली लिपी तीन बाइटांपुढे जात नाही. तीत देवनागरी सुखाने राहते. त्यामुळे दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. मोडीचा पहिला घटक आला की शिस्तीच्या मांडणीत नोंद नाकारली जाते, शिथिल मांडणीत तेथून पुढचा मजकूर कापला जातो. यासाठी २०१० पासून उपलब्ध असलेली ‘यूटीएफ-८-एमबी-४’ ही लिपीच स्वीकारावी. ती सारणीप्रमाणे जोडणीसही लागू करावी. एका टोकास ती व दुसऱ्या टोकास जुनी लिपी असल्यास उपयोग होत नाही.

६. मुके बिघाड : शब्दांची तुलना करताना

हा या विषयाचा गाभा होय. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ हे ‘दरी’चे अनेकवचन. हर्णै-पाजपंढरीच्या बंदरात पहिला शब्द नित्याचा, तर आतील डोंगरी गावांत दुसरा. ओढ्याला कोकणात ‘पऱ्या’ म्हणतात, त्यातही हाच ऱ आहे. मराठी वाचकास रफार व अर्धा ऱ यांतील अर्थभेद शिकवावा लागत नाही. यंत्रास तो सांगावा लागतो.

मायएसक्यूएल ८.० या २०१८ सालच्या आवृत्तीपासून जी तुलनापद्धती मूळ मांडणीत आहे, ती वर्णावरील गौण चिन्हे दुर्लक्षिते. युरोपीय भाषांतील स्वराघातचिन्हांसाठी ही सोय आहे. परंतु युनिकोडच्या दृष्टीने ऱ म्हणजे र आणि त्याखालील नुक्ता. आणि नुक्ता हे गौण चिन्ह. परिणामी ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे तिच्या लेखी एकच शब्द ठरतात. स्तंभात पुनरुक्तीस मनाई असेल तर दुसऱ्या शब्दाची नोंद नाकारली जाते. हा बोलका प्रकार. पण नाकारण्याची कटकट नको म्हणून ‘असल्यास दुर्लक्ष करा’ किंवा ‘असल्यास बदला’ अशी आज्ञा दिलेली असेल, तर दऱ्या ही नोंद गुपचूप गळते, अथवा दर्याच्या जागी जाऊन बसते. मनाई नसली तरी निरनिराळे शब्द मोजताना दोहोंचा एक होतो. हानी झाली असे सांगणारा कोणताही संदेश येत नाही.

पोस्टग्रेसची प्रवृत्ती याच्या उलट आहे. तेथे मूळ मांडणीत दोन शब्दांचे बाइट तंतोतंत जुळले तरच ते समान. त्यामुळे दर्या व दऱ्या वेगळे राहतात, पण जे एकच असावयास हवेत तेही वेगळे होतात. ‘दऱ्या’ हा शब्द कोणी ऱ या स्वतंत्र वर्णाने टंकतो, कोणी र व नुक्ता यांनी, तर कोणी र, हलन्त व एक अदृश्य सांधणारे चिन्ह यांनी. तिन्ही डोळ्यास सारखेच. ‘ॲ’ हा स्वर २००८ पासून एक स्वतंत्र घटक आहे. त्यापूर्वीच्या मजकुरात तो अ व चंद्र असा दोन घटकांचा. शोधणाऱ्याने एका रूपाने विचारले तर दुसऱ्या रूपातील नोंदी सापडत नाहीत, आणि ‘हा शब्द दापोलीत आढळत नाही’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर एका प्रणालीच्या समानतेच्या लक्षणात अतिव्याप्तीचा दोष आहे, दुसरीच्या लक्षणात अव्याप्तीचा. दोन्हींवर उपाय आहेत, पण ते संपादकाने निवडावे लागतात. मायएसक्यूएलमध्ये गौण चिन्हेही मोजणारी किंवा थेट बाइटांची तुलना करणारी पद्धती स्तंभाला लावावी. पोस्टग्रेसच्या १३ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, शब्दाचे युनिकोड-प्रमाणित रूप करण्याची सोय आहे. तिने र व नुक्ता यांचा ऱ होतो. परंतु अदृश्य सांधणारे चिन्ह व ॲ यांची दोन रूपे या प्रमाणीकरणाने एक होत नाहीत. त्यांच्यासाठी नियम स्वतः लिहून नोंद आत येतानाच लावावा लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘मुरुड’ व ‘मुरूड’, ‘हर्णै’ व ‘हर्णे’ हे भेद संकेताचे नसून लेखनाचे आहेत, आणि वक्त्याच्या उच्चारातील भेद तर अभ्यासाचा विषयच. ते एक करण्याचा अधिकार यंत्राच्या नियमास देऊ नये. यास्तव प्रत्येक शब्दास दोन स्तंभ असावेत. एकात शब्द जसा नोंदला तसा. त्याला कधीही हात लावू नये. दुसऱ्यात शोधासाठी केलेले प्रमाणरूप. ते चुकले तर पहिल्यावरून पुन्हा तयार करता येते. इतर उपायांत कसूर झाली तरी या एका मांडणीने संग्रहाचा बराचसा भाग वाचतो.

७. मुके बिघाड : क्रम लावताना

मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र त्याचा क्रमांक ल च्या लगेच पुढे, व च्या आधी आहे. संकेतांच्या क्रमाने लावल्यास काळ, कावळा, काहिली अशी यादी निघते. मराठी क्रम कावळा, काहिली, काळ असा आहे. क्ष व ज्ञ यांना शेवटी स्वतंत्र स्थान द्यावयाचे की क आणि ज खाली ठेवायचे, हाही निर्णय असतो. पोस्टग्रेसमध्ये २०१७ च्या १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या ग्रंथालयाचा मराठीसाठी केलेला क्रम वापरता येतो. तो स्वीकारण्यापूर्वी पन्नास शब्दांवर तपासून पाहावा.

क्रम चुकल्याने यादी वाकडी दिसते, एवढीच हानी असती तर हा विषय येथे आला नसता. सूची ही क्रमावर उभी असते. कल्पना करावी की, कपाटातील चिठ्ठ्या जुन्या क्रमाने लावल्या आहेत आणि एके सकाळी शोधणाऱ्यास नवा क्रम शिकवला. चिठ्ठी कपाटात आहे; तो तिच्या नव्या जागी पाहतो, तेथे ती नाही, आणि ‘अशी चिठ्ठी नाही’ असे सांगतो. २०१८ साली लिनक्सच्या मूलभूत ग्रंथालयाच्या २.२८ या आवृत्तीत अनेक भाषांचे क्रम पालटले, तेव्हा पोस्टग्रेसच्या असंख्य संग्रहांत हेच घडले. डेटाबेसला कोणी हात लावला नव्हता; केवळ खालची कार्यप्रणाली अद्ययावत झाली होती. नोंद असून सापडेना, आणि न सापडल्यामुळे पुनरुक्तीची मनाई असतानाही तीच नोंद पुन्हा आत जाऊ लागली. उपाय सोपा आहे : कार्यप्रणाली बदलल्यावर शब्दांवरील सर्व सूच्या रीइंडेक्स या आज्ञेने नव्याने बांधाव्यात आणि पुनरुक्ती शिरली आहे काय ते पाहावे.

८. तपासणीचा क्रम

उपर्युक्त विवेचनावरून तपासणीची एक रीत सिद्ध होते. बिघाड दिसताच प्रथम काहीही न बदलता संग्रहाची प्रत काढावी. मग रोजनिशी वाचावी. तीत पहिला दोष कोणता नोंदला आहे ते पाहावे, कारण शेवटचा दोष बहुधा पहिल्याचा परिणाम असतो. त्यानंतर दोष कोठे आहे ते ठरवावे : साठ्यात, वाहतुकीत, तुलनेत की दर्शनात. एका वेळी एकच बदल करावा व त्याचा परिणाम लिहून ठेवावा.

मुक्या बिघाडासाठी कसोटीच्या शब्दांची लहानशी सारणी संग्रहातच ठेवावी. तीत दर्या व दऱ्या, पऱ्या तिन्ही रीतींनी टंकलेला, ॲ दोन्ही रूपांत, काळ व कावळा, पन्हाळेकाजी, हर्णै आणि मोडीतील एक शब्द असावा. प्रत्येकाची अपेक्षित लांबी, क्रम व समानता लिहिलेली असावी. कोणतीही आवृत्ती बदलली, यंत्र बदलले, प्रत पुनःस्थापित केली की प्रथम ही कसोटी लावावी. मुक्या बिघाडास बोलते करण्याचे हे साधन होय.

राखीव प्रतीविषयी एकच नियम सांगण्याजोगा आहे : जी प्रत पुन्हा उभी करून पाहिलेली नाही ती प्रत नव्हे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका कर्मचाऱ्याकडून चुकून मुख्य पोस्टग्रेस संग्रह पुसला गेला. प्रती काढण्याच्या अनेक योजना कागदोपत्री होत्या. परंतु नित्याची प्रत काढणारा प्रोग्राम जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे मुळीच चालत नव्हता, आणि त्याच्या तक्रारीची पत्रे कोणापर्यंत पोहोचत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, म्हणून हानी तेवढ्यावर भागली. बोलका बिघाड बोलत होता, ऐकणारा नव्हता.

प्रत दुसऱ्या गावी असावी, हेही तितकेच महत्त्वाचे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली व मंडणगड तालुक्यांना झोडपले, तेव्हा छपरे उडाली आणि अनेक गावांचा वीजपुरवठा बरेच दिवस बंद राहिला. यंत्र व त्याची प्रत एकाच छपराखाली असतील तर दोन प्रती ही केवळ समजूत ठरते.

९. समारोप

बोलीच्या संग्रहातील शब्द पुन्हा मिळवता येतो असे नाही. ज्या वृद्ध वक्त्याने तो उच्चारला तो दुसऱ्या वर्षी भेटेलच असे नाही, आणि त्याच्या नातवाच्या तोंडी तो शब्द असेलच असेही नाही. अशा शब्दाची एकमेव नोंद तुलनेच्या एका नियमाने गळाली, तर तो शब्द कधी ऐकलाच नव्हता अशी स्थिती होते. डेटाबेसची निगा हे तंत्रज्ञाचे काम समजून संपादकाने तिजकडे पाठ फिरवू नये, याचे कारण हेच. जोडणी, जागा, वीज यांचे बिघाड तंत्रज्ञ दूर करील. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द आहेत, हे मात्र भाषेच्या अभ्यासकानेच यंत्रास सांगितले पाहिजे, आणि तेही पहिली नोंद आत जाण्यापूर्वी.